इंग्रजीत ओळख करून देताना आणि करून घेताना: नागपूरकरांसाठी पायरी पायरीने

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी बोलायच्या सरावाला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते: उभे राहा आणि स्वतःची ओळख करून द्या. मग जे ऐकू येतं ते दर बॅचला जवळपास सारखंच असतं. नजर भिंतीवर, हात मागे आणि एका दमात, “मायसेल्फ अमुक तमुक, आय बिलाँग टू नागपूर, माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, माय हॉबीज आर लिसनिंग म्युझिक, दॅट्स ऑल अबाउट मी, थँक यू.” की बसलं मूल खाली. कुणी काही विचारत नाही. पाठ केलेलं संपलं, ऐकणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही.

तोच मुलगा क्लास सुटल्यावर खाली टपरीवर चहा घेताना शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, “कुठले बाप्पा तुम्ही?” “काटोलचा.” “अरे, काटोलले माही मावशी राह्यते!” चहा संपेपर्यंत संत्र्याचा भाव निघतो, पाऊस निघतो, मावशीच्या घरामागचा बगीचा कुणाचा तेही कळतं. म्हणजे माणूस जोडायची कला या मुलाला उत्तम येते. इंग्रजी सुरू झालं की तो ती कला दाराबाहेर ठेवतो आणि शाळेतलं भाषण घेऊन आत येतो.

म्हणून आधी हे मनात पक्कं करा: ओळख म्हणजे भाषण नाही. आपण समोरच्याच्या हाती एक धागा द्यायचा आणि त्याने दिलेला धागा आपण ओढायचा. टपरीवर “काटोल” हा शब्द धागा होता. इंग्रजीतही तेच करायचं आहे.

लिपीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिचा उच्चाराशी थेट संबंध आहे. इंग्रजीत प्रश्न विचारायचे शब्द आपण मराठीत “व्हॉट, व्हेअर, व्हाय” असे लिहितो आणि मग तसेच वाचतो. या लेखात मी ते मुद्दाम “वॉट, वेअर, वाय” असे लिहिले आहेत. जिथे “व” आहे तिथे ओठांचा चंबू करा, दात लावू नका. जिथे “व्ह” आहे, म्हणजे “हॅव्ह”, “व्हेरी”, “लिव्ह”, तिथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. आरशासमोर “वेस्ट” आणि “व्हेस्ट” असं आलटूनपालटून वीस वेळा म्हणा. पहिला शब्द पश्चिम दिशा, दुसरा बनियन. एवढ्या एका सवयीने तुमचं बोलणं बाहेरच्या माणसाला बरंच सोपं होतं.

पहिली पायरी: नाव

“मायसेल्फ” सोडा. हा शब्द “मी स्वतः” या अर्थाने येतो: “आय मेड इट मायसेल्फ”, म्हणजे मी स्वतः बनवलं. नाव सांगताना त्याचं काही काम नाही. “आयम प्रज्ञा” किंवा “माय नेम इज प्रज्ञा” बस झालं. पहिलं जास्त मोकळं, दुसरं थोडं औपचारिक. कुठलंही चालतं.

नाव मात्र बाकी सगळ्या वाक्यांपेक्षा हळू सांगा. आपण नेमकं उलट करतो. नाव आपल्या जिभेवर जन्मापासून असतं म्हणून ते सर्वांत वेगात सुटतं, आणि ऐकणाऱ्याने मात्र तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला असतो. नावानंतर एक श्वास थांबा, मग आडनाव. “आयम ज्ञानेश…” थांबा. समोरचा गोंधळलेला दिसला तर तोडून सांगा, “द्न्या, नेश”. “ज्ञ”, “ळ”, “ण” हे आवाज इंग्रजी बोलणाऱ्यांकडे नाहीत. तुमच्या “बाळू”चा तो “बालू” करणार. वाईट वाटून घेऊ नका, पण हवं असेल तर सोपं नाव स्वतःच द्या: “यू कॅन कॉल मी डीनू.” हा निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर पूर्ण नाव दोनदा शिकवावं. नाव नीट घ्यायला शिकलेला माणूस तुम्हाला विसरत नाही.

मधलं नाव हा आपल्याकडचा खास प्रकार. परदेशी माणसाला तुमच्या ईमेलमध्ये तीन नावं दिसतात आणि मधल्या नावाने तो तुम्हाला हाक मारू शकतो. मुलीला वडिलांच्या नावाने हाक! तेव्हा सांगायचं: “दॅट्स माय फादर्स नेम. इन महाराष्ट्र, द मिडल नेम इज युज्वली द फादर्स नेम.” लग्न झालेल्या बाईचं असेल तर “माय हजबंड्स नेम”. यातून हमखास पुढचा प्रश्न येतो. म्हणजे धागा दिला गेला.

समोरच्याचं नाव विचारताना “वॉट इज युअर गुड नेम?” नको. ते आपल्या हिंदीतल्या “शुभ नाम”चं भाषांतर आहे, आणि बाहेरच्याला वाटतं याला वाईट नावही माहीत आहे की काय. “अँड यू आर?” किंवा “सॉरी, आय डिडन्ट गेट युअर नेम” पुरेसं. आपण शाळा-ऑफिसात “सुनीता मॅडम”, “राहुल सर” म्हणतो, तसं “मिस्टर राहुल” म्हणू नका. “मिस्टर”, “मिसेस”, “डॉक्टर” हे आडनावाला लागतात. समोरच्याने “कॉल मी” असं म्हणून नुसतं नाव सांगितलं, तर तो वयाने मोठा असला तरी नुसतं नावच घ्यायचं. सुरुवातीला जीभ अडते, आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. तिकडे तो उद्धटपणा धरत नाहीत. आणि अनोळखी बाईंना “आंटी” तर मुळीच नको.

दुसरी पायरी: कुठले तुम्ही?

“आय बिलाँग टू नागपूर” याऐवजी “आयम फ्रॉम नागपूर”. “बिलाँग” मालकीसाठी वापरतात: पुस्तक माझं आहे, “द बुक बिलाँग्ज टू मी”. गाव एक आणि राहणं दुसरीकडे असेल तर: “आयम फ्रॉम उमरेड, बट आय लिव्ह इन नागपूर नाउ.” “नेटिव्ह प्लेस” आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेर मात्र “आयम ओरिजिनली फ्रॉम उमरेड” जास्त सहज.

इथेच बहुतेक जण संधी सोडतात. पुण्या-मुंबईचा माणूस ऐकतो “नागपूर” आणि म्हणतो “ओके”. बेंगळुरूचा किंवा बर्लिनचा माणूस तर पुढे काय बोलावं या विचारात पडतो. आपण गावाबरोबर एक वाक्य जोडून द्यायचं, ज्याला पकडून तो बोलू शकेल. माझ्या मुलांना मी चार-पाच वाक्यं तयार ठेवायला लावते, आणि समोर कोण आहे ते पाहून निवडायला.

भूगोलाचं: “इट्स राइट इन द मिडल ऑफ इंडिया.” बर्डीजवळचा झिरो माईलचा चार घोड्यांचा दगड आठवा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला तर आणखी बरं.

संत्र्याचं: “वी आर नोन फॉर अवर ऑरेंजेस.” यावर “वेन इज द सीझन?” असा प्रश्न येतोच, तेव्हा गप्प होऊ नका. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिल. इंग्रजीत: “देअर आर टू सीझन्स, वन अराउंड नोव्हेंबर अँड वन अराउंड मार्च.” बहार म्हणजे झाडाला फुलोरा यायचा हंगाम, हे समजावायला गेलात तर दहा मिनिटं गप्पा चालतील, आणि त्या चालू द्या.

उन्हाचं: “इन मे इट कॅन क्रॉस फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज.” समोर अमेरिकन असेल तर त्याच्या डोक्यात फॅरनहाइट असतं. त्याला ४५ अंश म्हणजे थंडी वाटेल. ४५ सेल्सिअस म्हणजे ११३ फॅरनहाइट. “अ हंड्रेड अँड थर्टीन फॅरनहाइट” म्हटलं की त्याचे डोळे विस्फारतात.

वाघाचं: “पेंच टायगर रिझर्व्ह इज अबाउट टू अवर्स अवे.”

आणि दीक्षाभूमीचं. हे वाक्य नीट पाठ असावं असं मला मनापासून वाटतं, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला परदेशांतूनही माणसं इथे येतात आणि आपल्या मुलांना त्यांच्याशी चार शब्द बोलायचे असतात. “डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम हिअर ऑन द फोर्टीन्थ ऑफ ऑक्टोबर, नाइन्टीन फिफ्टी-सिक्स.” १४ ऑक्टोबर १९५६. लाखो अनुयायांबद्दल सांगायचं तर “लाख” हा शब्द बाहेर कळत नाही. एक लाख म्हणजे “अ हंड्रेड थाउजंड”, दहा लाख म्हणजे “अ मिलियन”, एक कोटी म्हणजे “टेन मिलियन”. “लाखो लोक” म्हणायचं तर “हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स ऑफ पीपल”.

पाचही वाक्यं एकदम सांगायची नाहीत. एक सांगा आणि थांबा. विचारलं तर दुसरं.

तिसरी पायरी: काम, आणि आपलं “करून राहिलो”

नागपूरच्या माणसाची खरी अडचण या ठिकाणी आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. आपण म्हणतो, “मी बँकेत काम करून राहिलो”, “तिकडे शिकून राहिली”, “काय करून राहिले तुम्ही?” हे “राहिलो” आपल्या बोलीचं वैभव आहे, ते सोडू नका. पण इंग्रजीत जाताना ते आपोआप “आयम वर्किंग, आयम लिव्हिंग, आयम हॅव्हिंग, आयम नोइंग” होऊन बसतं. तिथे नेहमीच्या, कायमच्या गोष्टीला साधं क्रियापद लागतं. तुम्ही रोज बँकेत जाता, आजच्यापुरते नाही. म्हणून “आय वर्क इन अ बँक”. “आय लिव्ह इन मानेवाडा”. “आय हॅव्ह टू ब्रदर्स”, “आयम हॅव्हिंग टू ब्रदर्स” नाही. “आय नो हिम”.

मग “आयम वर्किंग” कधी? तात्पुरत्या, सध्या चालू असलेल्या गोष्टीला. “आयम वर्किंग ऑन अ न्यू प्रोजेक्ट धिस मंथ.” कोणी “वॉट डू यू डू?” विचारलं तर तो पोटापाण्याचा प्रश्न आहे. “वॉट आर यू डूइंग?” म्हणजे या क्षणी काय चाललंय. दोन्हीला आपण “काय करून राहिले?” म्हणतो, म्हणून दोन्ही प्रश्न ऐकून वेगळी उत्तरं द्यायचा सराव लागतो.

दुसरा सापळा: “पाच वर्षांपासून”. आपलं वाक्य “मी पाच वर्षांपासून इथे काम करतो” असं आहे, म्हणून तोंडात येतं “आयम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह यर्स”. बरोबर असं: “आय हॅव्ह वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह यर्स.” किती काळ, तर “फॉर”. कधीपासून, तर “सिन्स”: “सिन्स ट्वेंटी नाइन्टीन”. नियम पाठ करण्यापेक्षा स्वतःचं खरं वाक्य एकदा नीट बसवून पाठ करा, कारण हे एकच वाक्य तुम्ही आयुष्यभर शेकडो वेळा बोलणार आहात.

तिसरा सापळा एका अक्षराचा आहे. “मी शिक्षिका आहे” यात मराठीला “एक” लागत नाही, इंग्रजीला लागतं: “आयम अ टीचर”, “आयम अन इंजिनिअर”. ते “अ” खाल्लं की वाक्य लंगडतं.

“आयम डूइंग जॉब इन बुटीबोरी” नको. “आय वर्क अ‍ॅट अ फॅक्टरी इन बुटीबोरी.” कंपनी सांगायची तर “आय वर्क फॉर” आणि कंपनीचं नाव, विभाग सांगायचा तर “इन अकाउंट्स”, “इन सेल्स”. “आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू” हे भारतात सगळे समजतात, पण परदेशी माणसाला तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. “आय ग्रॅज्युएटेड” म्हणा.

आता ज्यांच्याकडे सांगायला “जॉब” नाही त्यांच्याविषयी. माझ्या क्लासात हीच मुलं सगळ्यांत जास्त अवघडतात. कुणी तीन वर्षांपासून एमपीएससीची तयारी करतंय, कुणी नोकरी शोधतंय. तुम्ही रिकामे नाही आहात. “आयम प्रिपेअरिंग फॉर द स्टेट सिव्हिल सर्व्हिसेस एक्झॅम.” इथे “करून राहिलो” चालतं बरं, कारण ते सध्याचं आहे. “आयम लुकिंग फॉर अ जॉब इन लॅब टेस्टिंग.” हे वाक्य सरळ मान वर करून म्हणा. ते ऐकून कुणीतरी पत्ता सुचवतो, नंबर देतो. “आयम जॉबलेस” म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. तसंच “आयम जस्ट अ हाउसवाइफ” मधला “जस्ट” खोडून टाका. “आय लुक आफ्टर द हाउस अँड टू किड्स, अँड आय टेक टेलरिंग ऑर्डर्स” असं जे करता ते सांगा.

घरच्यांविषयी विचारलं तर थोडक्यात. वडील हयात नसतील तर “माय फादर एक्स्पायर्ड” म्हणू नका. मुदत औषधाची आणि लायसन्सची संपते. “माय फादर पास्ड अवे” किंवा “आय लॉस्ट माय फादर सम यर्स अगो”. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेबहीण या सगळ्यांना इंग्रजीत नुसतं “कझिन”. “कझिन ब्रदर” म्हणायची गरज नाही.

चौथी पायरी: प्रश्न विचारणं

आपल्याकडे प्रश्नांची कमतरता कधीच नव्हती. फक्त आपले काही प्रश्न तसेच्या तसे इंग्रजीत नेले की त्यांचा अर्थ बदलतो. “जेवण झालं का?” हे आपलं नमस्कारासारखं आहे. “हॅव्ह यू हॅड युअर लंच?” ऐकून परदेशी माणसाला वाटतं, हा मला जेवायला बोलावतोय. “कुठे चालले?” हेही आपलं नुसतं आपुलकीचं. “वेअर आर यू गोइंग?” मात्र चौकशीसारखं लागतं. या दोन्हींच्या जागी “हाउ आर यू?” किंवा “हाउज युअर डे गोइंग?” म्हणायचं. आणि तुम्हाला कुणी “हाउ आर यू?” म्हटलं तर तो तब्येतीचा अहवाल मागत नाही. “गुड, थँक्स. अँड यू?” एवढंच.

पगार किती, लग्न झालं का, मूल का नाही, वय किती: आपल्या मावश्या हे मायेनेच विचारतात, पण इंग्रजीतल्या पहिल्या भेटीत हे प्रश्न बंद ठेवा. आणि आडनाव खोदून खोदून विचारणं, नुसत्या नावावर समाधान न होणं, त्यामागे काय चाचपायचं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. ते इंग्रजीतच काय, मराठीतही सोडून द्यावं.

मग विचारायचं काय? जे प्रश्न “हो” किंवा “नाही” यावर संपत नाहीत ते. “वॉट ब्रिंग्ज यू टू नागपूर?” हा आपल्या शहरात येणाऱ्या कुणालाही विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न. “हाउ लाँग आर यू हिअर फॉर?” म्हणजे किती दिवस मुक्काम. “हाउ लाँग हॅव्ह यू बीन हिअर?” म्हणजे येऊन किती दिवस झाले. दोन्हीत गल्लत करू नका. “वॉट्स इट लाइक?” हा छोटासा प्रश्न तर सोन्याचा आहे. तो म्हणाला मी जहाजावर काम करतो, तुम्ही म्हणा “वॉट्स इट लाइक?”, आणि पुढची पाच मिनिटं तुम्हाला फक्त ऐकायचं आहे. खाण्याचा विषय आपला हक्काचा: “हॅव्ह यू ट्राइड तर्री पोहा?” नाही म्हणाला तर समजावून सांगा, “फ्लॅटन्ड राइस विथ अ व्हेरी स्पायसी चिकपी ग्रेव्ही”. सावजीची शिफारस करताना आधी विचारा, “आर यू ओके विथ स्पायसी फूड?”, नाहीतर त्याचे हाल.

उत्तर देऊन झालं की “अँड यू?” किंवा “वॉट अबाउट यू?” म्हणून चेंडू परत द्या. माझ्या मुलांचं संभाषण अडकतं ते नेमकं इथेच: त्यांना शब्द आलेले असतात, उलट प्रश्न विचारायचं राहून जातं. मग समोरचा विचारणारा आणि आपण उत्तरं देणारे, अशी तोंडी परीक्षा सुरू होते.

अनोळखी ठिकाणी नाव शेवटी

ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तिने खूप काही सोपं झालं. ऑफिसात, मुलाखतीत, मीटिंगमध्ये नाव आधी. पण पेंचला सिल्लारी गेटवर पहाटे एकाच जिप्सीत बसलेली माणसं, विमानतळावरची रांग, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये शेजारी बसलेली जपानी बाई, इथे एकदम “हॅलो, आयम अमुक, आयम फ्रॉम नागपूर” केलं तर समोरचा दचकतो. इथे सुरुवात दोघांसमोर असलेल्या गोष्टीपासून करायची. “इज धिस युअर फर्स्ट सफारी?” “इट्स कोल्ड धिस मॉर्निंग, इझन्ट इट?” “डू यू नो इफ दे चेक द आयडीज हिअर?” चार वाक्यं झाली, हसू आलं, की मग “आयम प्रज्ञा, बाय द वे.” ते “बाय द वे” म्हणजे आपलं “बरं, मी प्रज्ञा”. समोरचा लगेच आपलं नाव सांगतो. टपरीवरही आपण हेच करतो. आधी “लय गर्मी आहे बाप्पा”, नाव नंतर.

समोरची व्यक्ती एका शब्दात उत्तर देऊन मोबाइलमध्ये पाहू लागली तर तिला बोलायचं नाही. तिथे थांबा. त्यात तुमच्या इंग्रजीचा काही दोष नाही.

ऐकण्याची पायरी

तो बोलत असताना मनात पुढचं वाक्य जुळवत बसू नका. आपल्या “हो का?”, “अस्सं?”, “अरे वा!” यांना इंग्रजीत “ओ रिअली?”, “दॅट्स इंटरेस्टिंग”, “वाव, नाइस”. “हो का?” साठी आपण “इज इट?” म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी चुकतं. “ओ रिअली?” कुठेही चालतं.

कळलं नाही तर मान डोलावू नका. “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” पुन्हा कळलं नाही तर “अ लिटल स्लोअर, प्लीज?” नाव कळलं नाही तर तेव्हाच विचारा, “आयम आय सेइंग इट राइट?” नव्हे, “ॲम आय सेइंग इट राइट?” ही क्रमाची चूक मी रोज ऐकते. प्रश्नात “ॲम” आधी येतो. पुन्हा भेटल्यावर नाव विसरलात तर “सॉरी, रिमाइंड मी ऑफ युअर नेम” म्हणा, कुणी रागावत नाही.

मुलाखतीतलं “टेल मी अबाउट युअरसेल्फ”

इथे मात्र एक-सलग बोलावं लागतं, पाऊण मिनिट ते एक मिनिट. क्रम असा: कोण आणि कुठले, आधी काय केलं, सध्या काय करता, इथे का आलात. वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, छंद हे त्यांनी विचारलं तरच. काटोलच्या एका मुलीबरोबर बसून मी एकदा असं बसवलं होतं:

“गुड मॉर्निंग. आयम फ्रॉम काटोल, वेअर माय फॅमिली ग्रोज ऑरेंजेस. आय डिड माय बी.कॉम. इन नागपूर, अँड फॉर द लास्ट टू यर्स आय हॅव्ह डन द अकाउंट्स फॉर अ क्लॉथ शॉप इन इतवारी. आय हँडल द बिलिंग, द जीएसटी रिटर्न्स अँड द स्टॉक. वेन द शॉप मूव्ह्ड फ्रॉम रजिस्टर्स टू अ कंप्यूटर, आय सेट इट अप. नाउ आय वाँट टू वर्क इन अ बिगर टीम, अँड दॅट्स वाय आय अप्लाइड हिअर.”

“हार्डवर्किंग”, “सिन्सिअर”, “क्विक लर्नर” यातलं काही नाही. त्याऐवजी रजिस्टरवरून कंप्यूटरवर नेलेलं दुकान आहे. तिला पुढचा प्रश्न अर्थातच त्या दुकानाविषयी आला, आणि त्यावर ती कितीही वेळ बोलू शकत होती, कारण ते तिने केलेलं होतं. तुमच्या मिनिटात अशी एक खरी गोष्ट ठेवा, जिच्याविषयी तुम्हाला विचारलं जावं असं वाटतं.

फोनवर “मी प्रज्ञा बोलतेय” याला “आयम प्रज्ञा टॉकिंग” नाही, “धिस इज प्रज्ञा”. व्हिडिओ मीटिंगमध्ये “हाय एव्हरीवन, आयम प्रज्ञा, जॉइनिंग फ्रॉम नागपूर”. दुसऱ्याची ओळख करून देतानाही “ही इज माय फ्रेंड” पेक्षा “धिस इज माय फ्रेंड”, आणि जमलं तर त्या दोघांना जोडणारा एक शब्द: “शी ऑल्सो वर्क्स इन मिहान.” हात मिळवायचा की नमस्कार, याची फार चिंता करू नका. नमस्कार जगभर कळतो.

सराव

मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. फोन उलट प्रश्न विचारत नाही. नागपुरात अनोळखी माणसाशी आपण सवयीने हिंदीत सुरू होतो, म्हणून इंग्रजीची पाळी येतच नाही. ती मुद्दाम आणावी लागते. एक जोडीदार ठरवा. सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनला सकाळी फिरायला जात असाल तर पहिली फेरी मराठीत, दुसरी पूर्ण इंग्रजीत. रोज जोडीदाराने वेगळा माणूस व्हायचं: आज मिहानमधला नवा मॅनेजर, उद्या पेंच बघायला आलेली जर्मन बाई, परवा दीक्षाभूमीला आलेले श्रीलंकेचे भन्ते. एकमेकांच्या चुका फिरताना काढू नका. फेरी संपल्यावर प्रत्येकी एकच चूक सांगा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच सुधारा.

निरोप

बोलणं संपवताही यायला हवं. आपण निघताना “जातो” म्हणत नाही, ते अशुभ. “येतो” म्हणतो. माझी एक विद्यार्थिनी ऑफिसातल्या पाहुण्यांना “ओके, आयम कमिंग” म्हणून घरी निघून गेली आणि ते बिचारे तिची वाट पाहत बसले. इंग्रजीत सरळ सांगायचं: “आय शुड गेट गोइंग. इट वॉज नाइस टॉकिंग टू यू.” पुढे भेटायची इच्छा असेल तर त्याच वेळी, “आर यू ऑन वॉट्सॲप?” आणि नंबर घेतलात तर रात्री एक ओळ पाठवा, ज्यात आजच्या बोलण्यातली एखादी गोष्ट असेल: “नाइस मीटिंग यू टुडे. दॅट पोहा प्लेस ओपन्स अर्ली, बाय द वे.”

दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा “नाइस टू मीट यू” नको, ते पहिल्या भेटीचं. आता “नाइस टू सी यू अगेन”. आणि लगेच, “सो, डिड यू ट्राय द पोहा?”